पुरानंतर दरवर्षी पुन्हा ओली होणारी भिंत: मराठवाड्यातील घरांसाठी कारणशोध आणि दुरुस्ती

पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा पोपडे धरतो. दिवाळीच्या तोंडावर गवंडी येऊन तो खरवडतो, त्यावर सिमेंटचा गिलावा करतो, रंग लागतो, चार महिने भिंत नवी दिसते आणि मृग लागेपर्यंत तोच पट्टा पुन्हा फुगून हाताने निघू लागतो. पांढरी भुकटी खाली सांडते, फरशीच्या सांध्यांतून काळसर ओल वर येते, चौकटीचा तळ मऊ पडतो, आणि पुढच्या वर्षी पूर आला नाही तरी घर आतून ओलेच राहते. मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना, पूर्णा आणि गोदावरी यांच्या काठच्या गावांत ही तक्रार इतकी नेहमीची झाली आहे की, तिच्यावर इलाज असतो यावरचा लोकांचा विश्वासच उडाला आहे. इलाज आहे. मात्र तो गिलाव्यापासून सुरू होत नाही, आणि बहुतेक घरांत पैसा नेमका गिलाव्यावरच खर्च होतो.

आमचे घर लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठापासून थोड्या अंतरावर आहे. पुढचा अर्धा भाग आजोबांच्या काळातील, दगड-मातीच्या दोन हात जाड भिंतींचा आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असलेला. मागच्या दोन खोल्या २००९ साली विटा-सिमेंटमध्ये बांधलेल्या, वर स्लॅब असलेल्या. २०१६ साली एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरेचे पाणी आमच्या ओसरीत होते. त्यानंतर २०२१ च्या सप्टेंबरअखेर, गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी झालेल्या पावसात, आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात पाणी घरात आले. पहिल्या दोन पुरांनंतर आम्ही चुकीची दुरुस्ती केली. एकाच छपराखाली दोन प्रकारच्या भिंती असल्यामुळे चूक कोठे होते हे मात्र आम्हाला समोरासमोर पाहता आले, आणि तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

घरात आलेले पाणी कोणते होते

पुराचे पाणी म्हटले की आपण नदीकडे बोट दाखवतो. परंतु घरात पाणी चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेची दुरुस्ती वेगळी असते. नदीचे पाणी काठ सोडून थेट येते. ओढ्या-नाल्यांचे पाणी नदी भरल्यामुळे तिच्यात शिरू शकत नाही, मागे फुगवटा धरते आणि गटारातून, मोरीतून, शौचालयाच्या भांड्यातून उलटे वर येते; नांदेडसारख्या शहरात गोदावरी भरून वाहत असताना नदीपासून दूरच्या वस्त्यांत पाणी चढते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. तिसरे पाणी रस्त्याचे आणि शिवाराचे, म्हणजे गावावर झालेल्या पावसाचे. चौथे पाणी दिसत नाही. ते जमिनीखालून काळ्या मातीतून पायाकडे आणि पायातून भिंतीत चढते.

कोणते पाणी आले होते हे ओळखण्यासाठी घर धुण्याआधी अर्धा तास द्यावा. नदीचे पाणी सर्व भिंतींवर गाळाची एकाच पातळीतील रेघ सोडते. गवंड्याकडील पाणसळ, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन दोन टोकांच्या खोल्यांतील रेघा जुळवून पाहाव्यात. त्या जुळल्या तर पाणी संथपणे चढलेले आहे. रस्त्याच्या पाण्याची रेघ दाराशी उंच आणि आत उतरती असते, कारण पाणी वाहत आत आलेले असते. मोरीतून आलेले पाणी प्रथम मोरीच्याच खोलीत दिसते, त्याला गटाराची दुर्गंधी असते आणि ते नदी दारात येण्याआधी काही तास येते. जमिनीखालच्या पाण्याची रेघ नसतेच. खोलीच्या मध्यभागी फरशीचे सांधे काळे पडतात आणि भिंतीवर ओलीची कड वेडीवाकडी, ढगासारखी दिसते.

त्या दिवशी आपल्या गावात पाऊस होता का, हा प्रश्नही विचारावा. पैठणच्या जायकवाडी धरणातून विसर्ग वाढला की खाली बीड, जालना, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील गोदाकाठच्या गावांत उघड्या आकाशाखाली पाणी चढू शकते, आणि अशा गावांत पन्हाळी किंवा गच्चीची गळती दुरुस्त करून पुराची ओल थांबणार नाही. याच्या उलट, एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्याची नोंद अतिवृष्टी म्हणून होते, आणि एवढा पाऊस नदी शांत असतानाही गल्लीतील घरे भरू शकतो.

आमच्याकडे खरी खूण पुराच्या वर्षी मिळालीच नाही. २०२३ साली पावसाळा तुटपुंजा होता, नदीला पूर नव्हता, तरीही मागच्या खोलीची पूर्वेकडील भिंत गुडघ्यापर्यंत ओली होती. पूर नसताना जी भिंत ओली राहते तिचे दुखणे पुराचे नाही, एवढे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवे होते. आपल्या घरातही दुष्काळी वर्षात कोणती भिंत कोरडी होती आणि कोणती नव्हती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. निदानासाठी यापेक्षा चांगली माहिती कोणत्याही यंत्राने मिळत नाही.

भिंत सुकली आहे, हे कसे ठरवावे

गिलावा लवकर करण्याची घाई हे पुन्हा पुन्हा येणाऱ्या पोपड्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. हाताला कोरडी लागणारी भिंत आत ओली असते, कारण पृष्ठभाग वाऱ्याने आणि उन्हाने आधी सुकतो. बांधकामातील जुना ठोकताळा असा की, भिंत एका बाजूने सुकत असेल तर दर इंच जाडीला सुमारे एक महिना लागतो. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर तिला साडेचार महिने हवेत; दसऱ्याच्या सुमारास भिजलेली भिंत होळीच्या आधी रंगवू नये. आपल्याकडील ऑक्टोबरचे ऊन आणि हिवाळ्यातील कोरडी हवा यांमुळे हा काळ काही घरांत कमी होतो, पण भिंतीला लागून कपाट, गव्हाची कोठी किंवा पलंग असेल तर तो वाढतोही.

तपासणी सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला थेंब जमले असतील तर ओल आतून येत आहे. बाहेरच्या बाजूला दव असेल तर तो खोलीतील दमटपणा आहे आणि त्यासाठी खिडक्या उघडणे पुरते. हीच चाचणी फरशीवरही करावी. आम्ही २०२५ च्या पुरानंतर दर अमावास्येला त्याच चार जागी हा कागद लावत गेलो आणि तारखेसह वहीत नोंद ठेवली. दोन जागा माघात कोरड्या झाल्या, तिसरी फाल्गुनात, आणि चौथी झालीच नाही. ती चौथी जागा म्हणजे पूर्वेकडील तीच भिंत.

सुकवताना जुना गिलावा पुराच्या रेघेच्या वर निदान एक फुटापर्यंत पूर्ण काढून टाकावा, म्हणजे वीट उघडी होते आणि ओलीला बाहेर पडायला जागा मिळते. फरशीला लागून असलेली टाइलची पट्टीही काढावी, कारण तिच्या मागे पाणी महिनोन्महिने साठून राहते. खोली बंद करून आत शेगडी किंवा हीटर लावू नये. धुराचा धोका तर आहेच, शिवाय बंद खोलीतील वाफ दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावावा, एवढे पुरेसे आहे.

या काळात भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. हे मातीतील आणि विटांतील क्षार आहेत. पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जाते आणि क्षार मागे उरतात. लोणा फुटणे म्हणजे भिंत सुकत असल्याचे लक्षण आहे, त्याने घाबरू नये. तो ओल्या फडक्याने पुसू नये, कारण पाण्यात विरघळून तो पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून, सुपात गोळा करून घराबाहेर दूर टाकावा आणि पुन्हा फुटला तर पुन्हा झाडावा. आम्हाला हे चार वेळा करावे लागले.

दगड-मातीची भिंत: आधी सुरक्षितता, मग दुरुस्ती

जुन्या घरांत दुरुस्तीचा विचार करण्याआधी भिंत उभी राहील का, हे पाहणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे ज्या भिंतींखाली गेली, त्या भिंतींची रचना आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आजही तशीच आहे. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि डबर, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड फारच थोडे किंवा मुळीच नाहीत. भूकंपात हे दोन थर हादऱ्याने सुटे झाले. पुरात हेच काम सावकाश होते: मधली माती भिजून मऊ पडते, खाली बसते, थरांना बाहेर ढकलते आणि भिंतीला पोट सुटते. अशी भिंत पाणी असताना पडेलच असे नाही. पाण्याचा आधार गेल्यावर, दोन-चार दिवसांनी, ऊन पडल्यावर आणि घरात आवराआवर चालू असताना ती पडते, म्हणून पाणी उतरले की धोका टळला असे समजणे घातक आहे.

ओळंबा घेऊन भिंत वरपासून खालपर्यंत तपासावी आणि फुगवटा दिसल्यास त्या खोलीत कोणीही झोपू नये. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येणारी जागा म्हणजे आतील डबर खाली बसलेली जागा. माळवदाकडेही त्याच वेळी पाहावे. गळती थांबावी म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा एक थर वर टाकण्याची आपली पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या साठलेला तो थर काही घरांत दोन-अडीच फुटांचा झालेला आहे, आणि भिजल्यावर त्याचे ओझे तुळयांवर आणि त्याच भिजलेल्या भिंतींवर येते. उन्हाळ्यात वरची जादा माती उतरवून थर कमी करावा आणि पाण्याचा उतार पन्हाळींकडे नीट काढावा. पुरापासून घर वाचवण्यात माळवदाचा संबंध काय, असे अनेकांना वाटते. पण भिजलेल्या भिंतीवरचा भार कमी करणे हीच तिला केलेली सर्वांत मोठी मदत असते.

फुगवटा किरकोळ असेल तर दोन्ही थर एकमेकांना बांधून घेता येतात. किल्लारीनंतरच्या मजबुतीकरणात वापरलेली पद्धत येथेही उपयोगी पडते: भिंतीतील एक-एक दगड हळूच काढून सुमारे तीन इंचांचे आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. आडव्या आणि उभ्या दिशेने सुमारे एक मीटर अंतराने असे बंध घ्यावेत, काम चालू असताना तुळयांना टेकू द्यावेत आणि भिंत सुकल्यानंतरच हात लावावा. फुगवटा मोठा असेल तर तेवढा भाग उतरवून, आरपार दगड घालून नव्याने रचणे हाच मार्ग आहे आणि तो अभियंत्याला दाखवूनच घ्यावा.

आता गिलाव्याविषयी. २०१६ नंतर आम्ही पुढच्या जुन्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, कारण सिमेंट म्हणजे मजबुती असे आम्हाला वाटत होते. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा थर तिची बाहेर पडण्याची वाट बंद करतो, पाणी मात्र पायातून येतच राहते. परिणामी ओल गिलाव्याच्या वर, आणखी उंच चढली आणि २०२१ पर्यंत ती छातीइतक्या उंचीवर दिसू लागली. गिलावा काढला तेव्हा त्याच्या मागची माती चिखलासारखी निघाली. ज्या न्हाणीच्या भिंतीला सिमेंट लावायचे राहून गेले होते, ती मात्र तेवढ्याच पुरात भिजूनही चैत्रापर्यंत खडखडीत कोरडी झाली होती. या एका भिंतीने आम्हाला जे शिकवले ते तीन गवंड्यांनी सांगितले नव्हते.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करावा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग, आणि पाण्याशी वारंवार संबंध येणाऱ्या खालच्या पट्ट्यात वाळूचा काही भाग कमी करून सुरखी म्हणजे विटांची भुकटी, असे मिश्रण आम्ही वापरले. दगडांच्या दर्जाही, म्हणजे दगडांमधील सांधेही, त्याच मिश्रणाने भराव्यात. चुना सावकाश घट्ट होतो, त्याला आठवडाभर हलके पाणी मारावे लागते आणि उन्हापासून गोणपाटाने झाकावे लागते, म्हणून गवंडी टाळाटाळ करतात. चुन्याचे काम जाणणारा जुना कारागीर शोधावा, तो बहुधा देवळांच्या किंवा वाड्यांच्या दुरुस्तीवर भेटतो. वरून चुन्याची सफेदीच द्यावी. तैलरंग किंवा प्लास्टिक रंग लावला तर चुन्याचा सर्व उपयोग वाया जातो.

काळी माती आणि कधीच न सुकणारी खोली

मराठवाड्यात घराचा पाया जिथे उभा असतो ती काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते आणि फुगण्या-आकसण्याचा गुण त्याचा आहे. शेतासाठी हा गुण वरदान ठरतो, घराच्या पायासाठी तो त्रासदायक आहे, कारण पुरानंतर घराखालची माती एका बाजूने भिजलेली आणि दुसऱ्या बाजूने कोरडी असली की घर एका अंगाने उचलले जाते.

पुराने पडलेली भेग आणि मातीने पाडलेली भेग यांत फरक करता येतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, वैशाखात रुंद होणारी आणि श्रावणात मिटणारी भेग मातीची असते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवावी, आणि वर्षभर पाहावे. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. हालचाल चालू असताना भेग सिमेंटने भरणे निरर्थक आहे, ती शेजारी नवी वाट काढते.

आमच्या मागच्या खोल्यांचे खरे दुखणे २०२५ च्या पुरानंतर फरशी उखडल्यावर सापडले. २००९ साली पाया खोदताना निघालेली काळी मातीच जोत्यात भरलेली होती. त्यामुळे खोलीखाली एक मोठा स्पंज कायमचा बसलेला होता: पुराचे पाणी तो पिऊन ठेवत होता, पूर नसलेल्या वर्षी गटाराचे पाझर पीत होता, फरशी मध्यभागी उचलत होता आणि चारही भिंतींना ओल पुरवत होता. वाहतुकीचा खर्च वाचतो म्हणून असा भराव आपल्याकडे सर्रास होतो. घर बांधून घेणाऱ्या प्रत्येकाने जोते भरले जात असताना स्वतः उभे राहावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे, कारण फरशी बसल्यानंतर ही चूक पंधरा-वीस वर्षे कोणाला दिसत नाही.

आम्ही दोन फूट खोलीपर्यंत काळी माती काढली, मुरूम आणला, सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने, म्हणजे जमीन ठोकण्याच्या जड हत्याराने, चोपला, त्यावर वाळूचा पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद भिंतींच्या कडेला थोडा वर वळवून, त्यावर चार इंच काँक्रीट आणि शेवटी शहाबादी फरशी बसवली. पुढच्या जुन्या भागात मात्र प्लास्टिक मुद्दाम वापरले नाही. तेथे फरशीखालून ओल अडवली असती तर ती कडेच्या मातीच्या भिंतींत चढली असती. म्हणून मुरुमावर चुन्याचा कोबा करून शहाबादी फरशीचे सांधेही चुन्यानेच भरले, म्हणजे जमीन सांध्यांतून सुकत राहते.

बाहेरून घराभोवती एक मीटर रुंदीचा पक्का पट्टा केला आणि त्याला मीटरला निदान पाच सेंटिमीटर उतार भिंतीपासून बाहेर दिला. भिंत आणि पट्टा यांच्यामधील सांधा डांबराने भरला, कारण तो उघडा राहिला तर सर्व पाणी नेमके पायातच जाते. गच्चीच्या नळ्या पट्ट्याच्या बाहेर पडतील अशा लांब केल्या आणि भिंतीला लागून असलेले तुळशीखेरीज सर्व आळे हलवले. नवे घर बांधणाऱ्यांनी जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घेतलाच पाहिजे, आणि काळ्या मातीचा थर खोल असेल तर तळाशी फुगा असलेल्या खांबांच्या पायाविषयी अभियंत्याशी बोलावे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत अशाच मातीसाठी आहे.

रस्त्याचा विषय येथेच येतो. आमच्या गल्लीत दोन वेळा सिमेंटचा रस्ता झाला आणि दोन्ही वेळा तो जुन्या रस्त्यावरच ओतला गेला. २००९ साली उंबऱ्यापासून रस्ता अडीच फूट खाली होता, आता नऊ इंच खाली आहे. जोत्याची उंची घराने गमावलेली नाही, रस्त्याने ती घेतली आहे, आणि ही उंची एका घराने स्वतःच्या खर्चाने परत मिळवता येत नाही. गल्लीतील सर्वांनी उंबरा आणि रस्त्याचा मध्य यांतील अंतर मोजून, घरनिहाय आकडे लिहून ग्रामसभेत ठेवावेत आणि पुढचा थर टाकण्याआधी जुना खोदून काढण्याचा ठराव मागावा. आम्ही गल्लीतील एकवीस घरांचे आकडे असेच लिहून दिले. तोंडी तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्यांना उत्तर देणे भाग पडते.

पाणी दाराबाहेर किती अडवावे

वाळूची पोती आणि दाराच्या चौकटीत सरकवायच्या फळ्या उपयोगी आहेत, परंतु मर्यादेपर्यंतच. बाहेर एक फूट पाणी आणि आत कोरडे असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ४५ किलो जोर येतो; दोन फुटांना तो सुमारे १८० किलो आणि तीन फुटांना ४०० किलोच्या पुढे जातो. पाण्याची उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो. म्हणून विटा-सिमेंटच्या चांगल्या भिंतीनेही दोन फुटांपेक्षा जास्त पाणी अडवू नये, आणि दगड-मातीच्या भिंतीने एक फुटापेक्षा जास्त मुळीच नाही. पाणी त्याहून चढणार असे दिसले तर फळी काढून पाणी आत येऊ द्यावे. घरात पाणी घेणे मनाला पटत नाही हे मी जाणतो, पण आत-बाहेर सारखी पातळी झाली की भिंतीवरचा जोर नाहीसा होतो आणि ओले घर उभे राहते. शक्य असेल तर टाकीतील स्वच्छ पाणी आधीच जमिनीवर सोडावे, म्हणजे गाळ कमी बसतो.

मोरीतून उलटे येणाऱ्या पाण्यासाठी गटाराच्या जोडावर एकमार्गी झडप बसवावी आणि तिच्यापर्यंत हात पोहोचेल असे झाकण ठेवावे, कारण कचरा अडकला की ती मिटत नाही. मृगाआधी ती साफ करणे हे आता आमच्या घरी पन्हाळी साफ करण्याइतकेच ठरलेले काम आहे. झडप नसेल तर वाळू भरलेली पिशवी मोरीच्या तोंडावर आणि शौचालयाच्या भांड्यात घट्ट बसवावी. पुरानंतर लगेच शौचटाकी उपसू नये. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते.

विजेचे मुख्य खटके आणि मीटर पुराच्या जुन्या रेघेच्या वर निदान दोन फूट घ्यावेत, तारा छताकडून खाली आणाव्यात आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका बसवावा. पाण्यात बुडालेला बोर्ड वीजतंत्र्याने उघडून, सुकवून तपासल्याशिवाय चालू करू नये. विहीर किंवा आड बुडाला असेल तर गढूळ पाणी आधी उपसून काढावे. त्यानंतर ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, पाण्यात कालवून निवळ टाकावी आणि तासभर थांबावे.

घर धुण्याआधी प्रत्येक भिंतीची, पाण्याच्या रेघेजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत, पंचनाम्यासाठी ती लागतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत अंशतः पडझडीला मदत मिळण्यासाठी निदान १५ टक्के नुकसान असावे लागत होते. पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये अशी ती रक्कम होती. पोट सुटलेली भिंत लांबून धड दिसते, म्हणून ओळंबा धरलेल्या स्थितीतील छायाचित्र तलाठ्यांना दाखवावे.

आमच्या घरापुरते सांगायचे तर पुढचा भाग चुन्याने पूर्ण झाला आहे आणि मागच्या दोन खोल्यांची फरशी कोरडी आहे. पूर्वेकडील भिंतीच्या कोपऱ्यात एक तिरकी भेग उरली आहे. तिच्यावर काचेची पट्टी लावलेली आहे, दोन्ही टोकांना पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा आहेत, आणि दर महिन्याची नोंद वहीत चालू आहे. एक पूर्ण वैशाख आणि एक पूर्ण श्रावण ती भेग वाचल्याशिवाय तेथे पायाला हात लावायचा नाही, असे अभियंत्याचे आणि आमचे ठरले आहे.